जुने सॉफ्टवेअर, नवा प्रिंटर: ड्रायव्हरला हात लावण्याआधी बाइट्स बघा

जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कायमचा बंद पडला, त्याच्या जागी चांगला लेझर आला आणि पहिल्याच बिलाचे तीन कागद बाहेर पडले. पहिल्यावर पेढीचे नाव आणि पत्ता. दुसऱ्यावर ग्राहकाचे नाव आणि मालाची यादी, तीही उजवीकडे कापलेली, दराचा आणि रकमेचा रकाना गायब. तिसऱ्यावर फक्त एकूण रक्कम. मला बोलावले तोवर ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकला गेला होता, केबलही बदलून झाली होती. प्रिंटर सदोष म्हणून परत करायचे ठरत होते.

प्रिंटर ठणठणीत होता. सॉफ्टवेअरही गेली कित्येक वर्षे जे करत होते तेच करत होते. ते बिल मी कागदाऐवजी एका फाइलमध्ये उतरवून घेतले आणि आत पाहिले, तर ग्राहकाच्या नावाआधी आणि एकूण रकमेआधी दोन बाइट होते: २७ आणि ६९. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरना कळणाऱ्या एप्सनच्या भाषेत या जोडीचा अर्थ ‘इथून अक्षरे ठळक कर’. नवा लेझर समजत होता त्या एचपीच्या पीसीएल भाषेत याच जोडीचा अर्थ ‘सगळी मांडणी मूळपदावर आण, आणि पान अर्धवट भरले असेल तर ते बाहेर टाक’. सॉफ्टवेअर ठळक म्हणत होते, प्रिंटर पान टाकत होता. यादी कापली गेली त्याचे कारणही तसेच. बारीक अक्षरांसाठी सॉफ्टवेअर १५ क्रमांकाचा बाइट पाठवत होते. एप्सनला तो कळतो, पण पीसीएलमध्ये १५ म्हणजे फक्त ‘मुख्य फाँट निवड’. अक्षरे मोठीच राहिली आणि ओळ कागदाबाहेर गेली.

म्हणून या कामात माझा एकच आग्रह असतो. सॉफ्टवेअर नेमके काय पाठवते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काहीही बदलू नका. ते पाहायला दहा मिनिटे लागतात आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

हात घालण्यापूर्वी

डेटाच्या फोल्डरची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. प्रिंटरच्या कामात डेटाचा काय संबंध, असे वाटेल. पण अनेक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटरची सेटिंग त्याच डेटाबेसच्या एखाद्या टेबलात असते, आणि तुम्ही बदलणार आहात ती नेमकी हीच.

जुन्या प्रिंटरवर निघालेला प्रत्येक प्रकारचा एक कागद जपून ठेवा: बिल, खातेउतारा, साठ्याचा रिपोर्ट, महिनाअखेरचा लांबलचक रिपोर्ट. एका पानावर किती ओळी आहेत आणि सर्वांत रुंद ओळीत किती अक्षरे आहेत ते मोजून कागदावरच लिहा. बहुधा ८० किंवा १३२ अक्षरे आणि ११ इंची कागदावर ६६ ओळी निघतील. हे आकडे पुढे लागणार आहेत.

नव्या प्रिंटरचे कॉन्फिगरेशन पान त्याच्याच मेनूतून छापा. त्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एम्युलेशन’ (दुसऱ्या प्रिंटरच्या भाषेची नक्कल) किंवा ‘प्रिंटर लँग्वेज’ अशी ओळ असते. साऱ्या प्रकरणाचा निकाल तिच्यावर ठरतो:

- पीसीएल ५ किंवा ५ई लिहिले असेल तर प्रिंटरला साधा मजकूर थेट कळतो. फक्त कोड बदलावे लागतील.
- पीसीएल ६ एवढेच लिहिले असेल तर सावध राहा. पीसीएल ६चा गाभा म्हणजे पीसीएल एक्सएल ही वेगळी बायनरी भाषा आहे. बरेच प्रिंटर तिच्या जोडीला पीसीएल ५ सुद्धा समजतात, पण सगळे नाही.
- एप्सन एफएक्स, एप्सन एलक्यू किंवा आयबीएम प्रोप्रिंटर दिसले तर निम्मे काम झाले. ब्रदर आणि क्योसेरा यांच्या कार्यालयीन वापराच्या अनेक लेझर प्रिंटरमध्ये ही सोय असते. मेनूत जाऊन एम्युलेशन बदलायचे, आणि जुने कोड जसेच्या तसे चालतात.
- ‘होस्ट बेस्ड’ किंवा ‘जीडीआय’ असेल, किंवा भाषेचे नावच नसेल, तर तो प्रिंटर स्वतःहून एक अक्षरही छापू शकत नाही. पानाचे पूर्ण चित्र संगणक तयार करतो आणि प्रिंटर ते फक्त कागदावर उमटवतो. त्याला थेट मजकूर पाठवला तर कोरे पान येते, कचरा येतो, किंवा काहीच होत नाही.

प्रिंटर अजून घ्यायचा असेल तर ही ओळ आधी वाचा. वेग आणि टोनरची किंमत सगळे विचारतात, ही ओळ मात्र कुणी विचारत नाही.

सॉफ्टवेअर काय पाठवते ते पकडणे

सॉफ्टवेअरमध्ये ‘फाइलमध्ये छापा’ असा पर्याय असेल तर तो वापरा, पण कधी कधी या पर्यायात कोड गाळले जातात. त्यापेक्षा खात्रीची पद्धत पुढे देतो.

विंडोजमध्ये नवा प्रिंटर जोडताना ‘लोकल पोर्ट’ प्रकारचे नवे पोर्ट तयार करा आणि पोर्टचे नाव म्हणून एका फाइलचा पूर्ण पत्ता द्या, म्हणजे सी ड्राइव्हवरचे एखादे फोल्डर आणि त्यातली ‘आउट’ नावाची फाइल. ड्रायव्हर विचारल्यावर उत्पादकांच्या यादीतून ‘जेनेरिक’ आणि त्याखालचा ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ निवडा. हा विंडोजबरोबरच येतो. या प्रिंटरला एक छोटे नाव देऊन तो शेअर करा.

सॉफ्टवेअर एलपीटी१ वर, म्हणजे संगणकाच्या जुन्या समांतर प्रिंटर पोर्टवर, लिहिणारे असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ ही आज्ञा द्या. तिच्यापुढे क्रमाने हे येते: एलपीटी१ आणि विसर्गचिन्ह, मग दोन उलट्या तिरप्या रेघा आणि संगणकाचे नाव, एक उलटी तिरपी रेघ आणि शेअरचे नाव, शेवटी सरळ तिरपी रेघ देऊन ‘पर्सिस्टंट’, विसर्गचिन्ह आणि ‘येस’. सगळे अर्थात इंग्रजी अक्षरांत. आता सॉफ्टवेअरमधून एक बिल छापा. कागद निघणार नाही, पण फाइल तयार होईल.

ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून भागत नाही, कारण कोड तिथे दिसत नाहीत किंवा चौकोन दिसतात. पॉवरशेलमधली ‘फॉरमॅट-हेक्स’ ही आज्ञा किंवा कोणताही हेक्स एडिटर, म्हणजे फाइलमधले बाइट अंकांत दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरा. डावीकडे षोडशमान अंक आणि उजवीकडे अक्षरे दिसतील. काय शोधायचे?

‘१बी’ म्हणजे दशमान २७, अर्थात एस्केप. त्याच्या मागून येणारे अक्षर म्हणजे आज्ञा. सुरुवातीला १बी आणि ४० (हेही षोडशमान, दशमानात ६४) असेल तर एप्सन, कारण ती त्याची रीसेटची खूण आहे. सुरुवातीलाच १बी आणि ४५ (दशमानात ६९) असेल आणि पुढे कंस किंवा ‘अँड’च्या चिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञा दिसल्या तर पीसीएल. टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि ‘पीएस’ अशी सुरुवात असेल तर पोस्टस्क्रिप्ट ही तिसरीच प्रिंटर-भाषा. एकही १बी नाही, नुसता मजकूर आणि ओळींच्या शेवटी ०डी (डावीकडे जा), ०ए (ओळ बदल) असतील तर तुमचे नशीब चांगले आहे, तो साधा मजकूर आहे. शेवटी ०सी आहे का तेही पाहा. ०सी म्हणजे ‘पान बाहेर टाक’. डॉट मॅट्रिक्सवर ते नसले तरी कागद हाताने फाडता येतो. लेझर मात्र तोवर पान पोटात धरून बसतो आणि त्याचा दिवा लुकलुकत राहतो. ‘प्रिंट दिली तरी कागद येत नाही, दुसरे बिल दिल्यावर पहिले येते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते.

सॉफ्टवेअर मुळात विंडोजचेच असेल आणि विंडोजच्या ड्रायव्हरमधून छापत असेल, तर या फाइलमध्ये सॉफ्टवेअरची भाषा दिसणार नाही. त्याचा मार्ग निराळा आहे, तो पुढे सांगतो.

वाट जोडणे: एलपीटीपासून खऱ्या प्रिंटरपर्यंत

फॉक्सप्रो, क्लिपर, डीबेस या डॉसच्या काळातल्या साधनांत लिहिलेली सॉफ्टवेअर एलपीटी१ या नावाला मजकूर पाठवतात. नवा प्रिंटर यूएसबीवर किंवा नेटवर्कवर असतो. या दोघांना जोडण्याचे काम वर सांगितलेली ‘नेट यूज’ आज्ञाच करते. आता शेअरचे नाव खऱ्या प्रिंटरचे द्यायचे, इतकाच फरक. प्रिंटर त्याच संगणकाला जोडलेला असला तरी शेअर करावाच लागतो. शेअरचे नाव आठ अक्षरांच्या आत आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवा.

इथे तीन ठिकाणी लोक अडकतात. संगणकात खरे समांतर पोर्ट असेल तर विंडोज साध्या वापरकर्त्याला एलपीटी१ वळवू देत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून किंवा बायोसमधून ते पोर्ट बंद करा, नाहीतर सॉफ्टवेअरला एलपीटी२ सांगा. दुसरे, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडलेल्या खिडकीत केलेली जोडणी साध्या पातळीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. ज्या खात्यातून आणि ज्या पातळीवर सॉफ्टवेअर चालते, तिथूनच आज्ञा द्या. तिसरे, संगणकावर नेटवर्क कार्ड किंवा वायफाय पूर्ण बंद असेल तर शेअर सापडत नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टचा लूपबॅक ॲडॉप्टर, म्हणजे आभासी नेटवर्क कार्ड, टाकला की काम होते.

यूएसबी ते समांतर अशी केबल आणून प्रश्न सुटेल, असा समज फार पसरला आहे. ती केबल जुना समांतर प्रिंटर नव्या संगणकाला जोडण्यासाठी असते. विंडोजला ती यूएसबी प्रिंटर पोर्ट म्हणूनच दिसते, खरे एलपीटी पोर्ट तयार होत नाही. नवा यूएसबी प्रिंटर जुन्या सॉफ्टवेअरला जोडायला तिचा काही उपयोग नाही.

नेटवर्क प्रिंटर असेल तर विंडोज आपणहून ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट लावते. ते बदलून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट करा, प्रोटोकॉल ‘रॉ’ आणि क्रमांक ९१०० ठेवा. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर तो बदलणार नाही.

आता ६४ बिटच्या विंडोजबद्दल. १६ बिटची डॉस आणि विंडोज सॉफ्टवेअर चालवणारा एनटीव्हीडीएम हा भाग फक्त ३२ बिटच्या विंडोजमध्ये आहे, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालेच नाही. म्हणजे जुने डॉस सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालवायचे तर व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स यांसारखे, विंडोजवर डॉसचा आभास उभा करणारे, काहीतरी मध्ये लागतेच. प्रिंटिंगच्या दृष्टीने ही इष्टापत्ती आहे. डॉसबॉक्स-एक्समध्ये एप्सनची भाषा समजणारा आभासी प्रिंटर आहे. कॉन्फिगरेशन फाइलच्या ‘पॅरलल’ भागात पहिल्या पोर्टपुढे ‘प्रिंटर’ लिहिले आणि ‘प्रिंटर’ भागात आउटपुट विंडोजच्या प्रिंटरकडे वळवले, की तो ठळक, बारीक, दुप्पट रुंद असे सगळे कोड वाचून पानाचे चित्र बनवतो आणि विंडोजच्या कोणत्याही प्रिंटरवर पाठवतो. होस्ट बेस्ड प्रिंटरसुद्धा चालतो. मूळ डॉसबॉक्समध्ये ही सोय नाही, म्हणून नाव नीट बघून घ्या. एकाच डेटावर दोघे-तिघे एकदम काम करत असतील तर आधी प्रतीवर चालवून पाहा, नोंदी एकमेकांवर चढत नाहीत ना याची खात्री करा, मगच खऱ्या डेटाला लावा.

डॉसप्रिन किंवा प्रिंटफिल यांसारखी तयार सॉफ्टवेअरही हेच करतात: एलपीटीवरचा मजकूर पकडायचा, एप्सनचे कोड उलगडायचे आणि विंडोजच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. प्रिंटर होस्ट बेस्ड असेल आणि तो बदलणे शक्य नसेल, तर मी सरळ हा मार्ग सुचवतो.

मजकूर अगदी साधा असेल, एकही एस्केप कोड नसेल, तर आणखी एक सोपी वाट आहे. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘प्रिंट प्रोसेसर’चे बटण असते. तिथे ‘विनप्रिंट’ निवडून डेटाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. मग विंडोज स्वतःच मजकुराचे पान बनवून ड्रायव्हरला देते. त्याच यादीत ‘रॉ [एफएफ अपेंडेड]’ असा प्रकार आहे. सॉफ्टवेअर शेवटी ०सी पाठवत नसेल तर तो निवडा, पान पोटात अडकणे थांबेल.

कोड बदलणे

प्रिंटरला पीसीएल ५ कळते आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रिंटर सेटअप’ किंवा ‘कंट्रोल कोड’ अशी स्क्रीन आहे, ही सर्वांत चांगली स्थिती. तिथे कोड बहुधा दशमान अंकांत भरलेले असतात. एप्सनचा जुना कोड आणि त्याच्या जागी लिहायचा पीसीएलचा कोड असा:

- रीसेट: २७ ६४ च्या जागी २७ ६९
- ठळक सुरू: २७ ६९ च्या जागी २७ ४० ११५ ५१ ६६
- ठळक बंद: २७ ७० च्या जागी २७ ४० ११५ ४८ ६६
- बारीक, इंचाला सुमारे १७ अक्षरे: १५ च्या जागी २७ ४० ११५ ४९ ५४ ४६ ५४ ५५ ७२
- बारीक बंद, इंचाला १० अक्षरे: १८ च्या जागी २७ ४० ११५ ४९ ४८ ७२
- इंचाला १२ अक्षरे: २७ ७७ च्या जागी २७ ४० ११५ ४९ ५० ७२
- इंचाला ८ ओळी: २७ ४८ च्या जागी २७ ३८ १०८ ५६ ६८
- इंचाला ६ ओळी: २७ ५० च्या जागी २७ ३८ १०८ ५४ ६८

रीसेटच्या मागोमाग, म्हणजे प्रत्येक कामाच्या सुरुवातीला, मी आणखी तीन आज्ञा जोडतो. २७ ३८ १०८ ५० ५४ ६५ म्हणजे कागद ए४. २७ ४० ४९ ४८ ८५ म्हणजे जुन्या पीसीची अक्षरसंच-सारणी, जिच्यात रेघा आणि चौकटी असतात. तिसरी २७ ३८ १०७ ५० ७१, ही जिन्यासारख्या छपाईवरचा उपाय. प्रत्येक ओळ आधीची ओळ जिथे संपली तिथून, एक पायरी खाली सुरू होत असेल, तर सॉफ्टवेअर फक्त ‘ओळ बदल’ म्हणते आहे, ‘डावीकडे जा’ म्हणत नाही. ही आज्ञा प्रिंटरला दोन्ही एकदम करायला सांगते.

चौकटीच्या रेघांची एक ओळखीची खूण सांगतो. बिलातल्या आडव्या रेघेच्या जागी डोक्यावर दोन टिंबे असलेला इंग्रजी ‘ए’ ओळीने छापला जात असेल, आणि उभ्या रेघेच्या जागी वर चढवलेला छोटा ३ येत असेल, तर बाइट बरोबर पोचले आहेत, फक्त सारणी चुकली आहे. जुन्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये १९६ म्हणजे आडवी रेघ आणि १७९ म्हणजे उभी. विंडोजच्या सारणीत त्याच क्रमांकांवर ती दोन चिन्हे बसतात. हे दिसले की केबल, पोर्ट, ड्रायव्हर यांचा विचार सोडा आणि वरची दुसरी आज्ञा द्या.

कोड भरायची स्क्रीनच नसेल तर सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये प्रिंटरच्या नावाच्या छोट्या फाइली किंवा टेबल शोधा. तिथेही नसेल आणि कोड प्रोग्राममध्येच कोरलेले असतील, तर प्रोग्राम फाइलमध्ये हेक्स एडिटरने खाडाखोड करू नका. नवे कोड जुन्यांपेक्षा लांब आहेत, ते त्या जागेत मावत नाहीत. एम्युलेशन असलेला प्रिंटर किंवा मध्ये भाषांतर करणारे सॉफ्टवेअर हाच तिथे मार्ग.

६६ ओळी आणि १३२ अक्षरे

कोड जुळले तरी एक दुखणे उरते, आणि मला वाटते सर्वांत जास्त कागद याच्यापायी वाया जातो. प्रत्येक पानानंतर जवळजवळ कोरे असे एक पान येते आणि त्यावर दोनच ओळी असतात.

हिशोब साधा आहे. सॉफ्टवेअर ११ इंची अखंड कागद गृहीत धरते: इंचाला ६ ओळी, एकूण ६६. लेझर कागदाच्या कडेपर्यंत छापू शकत नाही, आणि पीसीएलमध्ये वर-खाली अर्धा-अर्धा इंच सोडलेला असतो. ए४ची उंची ११.६९ इंच, त्यात ६४ ओळी बसतात. उरलेल्या दोन पुढच्या पानावर जातात. उपाय म्हणजे ओळींमधले अंतर किंचित कमी करणे. पीसीएल हे अंतर इंचाच्या ४८व्या भागात मोजते. ६ ओळींना ते ८ असते. ते ७.७५ केले की ६६ ओळी नेमक्या मावतात. आज्ञा अशी: २७ ३८ १०८ ५५ ४६ ५५ ५३ ६७. ११ इंची लेटर कागद असेल तर ७.७५ ऐवजी ७.२७ घ्या, म्हणजे शेवटून तिसऱ्या-दुसऱ्या अंकांत ५५ ५३ च्या जागी ५० ५५.

रुंदीचेही तसेच. उभ्या ए४वर पीसीएलला सुमारे ७.८ इंच रुंदी मिळते. म्हणजे इंचाला १०च्या हिशोबाने ७७-७८ अक्षरे, ८० नाहीत. बारीक अक्षरांत सुमारे १३०, १३२ नाहीत. रिपोर्टचा शेवटचा एकच अंक गायब असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही, हे फार धोक्याचे आहे. १,२५० चा आकडा १,२५ असा छापला गेलेला मी पाहिला आहे. एचपीच्या अनेक प्रिंटरच्या मेनूत ‘वाइड ए४’ अशी सेटिंग असते. ती चालू केली की ८० अक्षरे पूर्ण बसतात, आणि बारीक अक्षरांत १३२ सुद्धा. ती नसेल तर आडवा कागद करा: २७ ३८ १०८ ४९ ७९. पण मग पानावरच्या ओळी कमी होतात, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये पानाची लांबीही बदलावी लागते.

सॉफ्टवेअर विंडोजचे असेल तर

व्हिज्युअल बेसिक, व्हिज्युअल फॉक्सप्रो, जुने ॲक्सेस यांत लिहिलेली सॉफ्टवेअर ड्रायव्हरमधून छापतात, त्यामुळे होस्ट बेस्ड प्रिंटरही त्यांना चालतो. इथले दोष वेगळे असतात.

सर्वांत आधी प्रिंटरचे नाव बघा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटरच्या नावासाठी ३१ अक्षरांपुरतीच जागा असते. नव्या प्रिंटरचे आपोआप पडलेले नाव मॉडेल, मालिका, कंसातला क्रमांक धरून त्यापेक्षा लांब होते, आणि छपाईची खिडकी उघडताच सॉफ्टवेअर बंद पडते. नाव बदलून ‘बिल१’ इतके छोटे करा. एवढ्याने सुटलेली प्रकरणे मी मोजणे सोडून दिले आहे. नेटवर्कवरच्या शेअर केलेल्या प्रिंटरचे नाव तर संगणकाच्या नावासकट मोजले जाते. त्यासाठी नवा प्रिंटर ‘लोकल पोर्ट’वर जोडा, पोर्टचे नाव म्हणून शेअरचा पूर्ण पत्ता द्या आणि प्रिंटरला आपले छोटे नाव ठेवा.

दुसरे, जुन्या प्रिंटरची आठवण रिपोर्टमध्येच साठवलेली असते. फॉक्सप्रोच्या रिपोर्ट फाइलच्या पहिल्या नोंदीत ‘ईएक्सपीआर’, ‘टॅग’ आणि ‘टॅग२’ या रकान्यांत तो रिपोर्ट बनवताना निवडलेला प्रिंटर लिहून ठेवलेला असतो. तो प्रिंटर आता नाही, म्हणून रिपोर्ट चुकतो किंवा भलत्या आकारात छापला जातो. ज्याच्याकडे सॉफ्टवेअरची देखभाल आहे त्याला हे तीन रकाने तपासायला सांगा. ते शक्य नसेल तर नव्या प्रिंटरला जुन्याचेच नाव द्या. बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये पेज सेटअपमध्ये ‘नो प्रिंटर’ची खूण करून रिपोर्ट पुन्हा साठवावा.

तिसरे, डीफॉल्ट प्रिंटर. विंडोज १० पासून ‘माझा डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला सांभाळू द्या’ अशी सेटिंग आहे. ती चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो. कुणी एकाने पीडीएफ बनवली की पुढचे बिल पीडीएफकडे जाते. ती बंद करा.

छपाई अर्धवट किंवा विस्कटलेली येत असेल तर ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवरचे ‘एनेबल ॲडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स’ काढून बघा. युनिकोडपूर्वीचे देवनागरी फाँट वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर अक्षरे बरोबर आणि कागदावर इंग्रजी चिन्हे येत असतील, तर प्रिंटर स्वतःचा फाँट घुसवतो आहे. ड्रायव्हरच्या पर्यायांत ट्रूटाइप फाँट बिटमॅप किंवा ग्राफिक्स म्हणून पाठवण्याची खूण करा.

बिलाचा कागद वेगळ्या मापाचा असेल तर ते माप ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधल्या ‘फॉर्म्स’ टॅबवर एकदा तयार करून ठेवा आणि मग प्रिंटरच्या ट्रेला लावा. ड्रायव्हरच्या खिडकीत तात्पुरते भरलेले माप जुनी सॉफ्टवेअर विचारातच घेत नाहीत.

अपडेटनंतर अचानक बंद पडले तर

शेअर केलेला प्रिंटर चालत होता आणि ‘११बी’ने संपणारा त्रुटी क्रमांक येऊ लागला, तर त्याचे मूळ २०२१ मध्ये सापडलेल्या प्रिंट स्पूलरच्या, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागाच्या, गंभीर त्रुटी आणि त्यांच्यावरच्या दुरुस्त्यांमध्ये आहे. रजिस्ट्रीतले संरक्षण बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. दोन्ही संगणक अद्ययावत करा, किंवा शेअरचा नाद सोडून प्रत्येक संगणकावरून प्रिंटरच्या आयपी पत्त्यावर सरळ पोर्ट जोडा.

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट’ ही सोय आली आहे. ती चालू केली की उत्पादकाचे ड्रायव्हर चालत नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरसाठी ज्या संगणकावर वेगळे ड्रायव्हर लागतात, तिथे ती बंद असल्याची खात्री करा. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच बाहेरच्या ड्रायव्हरचा आधार टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे आज चालणाऱ्या ड्रायव्हरची इन्स्टॉल फाइल डाउनलोड करून आपल्याजवळ जपून ठेवा.

लेझर चुकीचा ठरतो तेव्हा

एका फटक्यात तीन प्रती काढायच्या कार्बन किंवा कार्बनविरहित बहुपदरी कागदावर छापायचे असेल, तर लेझर किंवा इंकजेट कसाही जोडला तरी दुसऱ्या पदरावर काही उमटणार नाही. त्याला पिनांचा आघातच लागतो. यूएसबी आणि समांतर अशी दोन्ही पोर्ट असलेले नवे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आजही बनतात आणि एप्सनची भाषा त्यांना जन्मतःच येते. अशा ठिकाणी मी तोच घ्यायला सांगतो आणि बाकी पत्रव्यवहारासाठी लेझर वेगळा ठेवायला सांगतो.

पावतीच्या छोट्या थर्मल प्रिंटरची भाषा ‘एस्क/पॉस’. नावात आणि काही कोडांत ती एप्सनच्या जुन्या भाषेसारखी आहे, पण पूर्ण तीच नाही. जुने सॉफ्टवेअर सीरियल पोर्टवर लिहीत असेल तर आभासी कॉम पोर्ट देणारा यूएसबी प्रिंटर निवडा आणि बॉड रेट, पॅरिटी (पोर्टचा वेग आणि चूक-तपासणी यांच्या सेटिंग) जुन्याच ठेवा.

शेवटची तपासणी

एक बिल नीट आले म्हणून थांबू नका. सर्वांत लांब नावाचा ग्राहक, सर्वांत मोठी रक्कम, दोन पानांचे बिल आणि महिनाअखेरचा सर्वांत रुंद रिपोर्ट छापा. सुरुवातीला जपून ठेवलेल्या कागदांवर हे नवे कागद ठेवून उजेडासमोर धरा आणि उजवीकडचा रकाना अंकागणिक जुळवा. संगणक बंद करून चालू करा आणि पुन्हा एक बिल छापा, कारण ‘नेट यूज’ची जोडणी टिकली की नाही हे तेव्हाच कळते. मग वापरलेले कोड, पोर्ट, शेअरचे नाव आणि आयपी पत्ता एका कागदावर लिहा आणि तो कागद प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.